एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, पण दिसत नाही: घोडं नेमकं कुठे अडलंय?

केबल जोडली, डिस्कवरचा बारीक दिवा लागला, पण स्क्रीनवर काहीच हालचाल नाही. फाइल एक्स्प्लोरर उघडावं तर नेहमीचे सी आणि डी तेवढे जागेवर. केबल काढून परत लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तेच. मग पोटात गोळा येतो. त्या तळहाताएवढ्या डबीत दहा वर्षांचे फोटो असतात, कुणाचा प्रबंध असतो, कुणाच्या धंद्याचे सगळे हिशेब असतात. आणि दुसरी प्रत करायचं 'एकदा सवडीने बघू' म्हणून राहून गेलेलं असतं.

आधी थोडं थांबा. डिस्क दिसत नाही म्हणजे डेटा गेला, असं अजिबात नाही. वीज, केबल, पोर्ट, डबीतलं छोटं सर्किट, प्रत्यक्ष डिस्क, तिच्यावरची पार्टिशनची (म्हणजे डिस्कच्या विभागांची) नोंद, फाइल सिस्टिम (म्हणजे फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) आणि शेवटी विंडोजने दिलेलं सी, डी असं अक्षर, एवढे टप्पे पार झाले की तुमची फाइल दिसते. यातला कुठलाही एक तुटला तरी आपल्याला कळतं ते एवढंच, की काही दिसत नाही. अंगात ताप आहे एवढ्यावरून आजार कळत नाही, तसंच हे. साखळी कुठे तुटली ते शोधायचं, आणि शोधताना डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही, एवढं धरून चला.

न लिहिण्यावर मी इतका अडून बसतो याला कारण आहे. डिस्क धडधाकट असताना केवळ घाईच्या दुरुस्तीपायी डेटा गेलेला मी पाहिला आहे. ते बघताना फार वाईट वाटतं, कारण तो डेटा वाचण्यासारखा होता.

म्हणून हात लावण्याआधी स्वतःला विचारा, या डिस्कमधलं काही मला हवं आहे का? नको असेल, किंवा डिस्क कोरी करकरीत नवी असेल, तर बिनधास्त प्रयोग करा. हवं असेल तर तो डेटा दुसरीकडे उतरवून होईपर्यंत फॉरमॅट, इनिशियलाइज (म्हणजे कोऱ्या डिस्कसारखी नवी नोंद मांडणं), रिपेअर, एरर चेकिंग यांपैकी कशालाही 'हो' म्हणायचं नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्या डिस्कवर इन्स्टॉल करायचं नाही.

आधी कान लावा

हे फारसं कुणी सांगत नाही, पण फिरत्या तबकडीच्या डिस्कबाबत पहिली तपासणी कानांनी होते. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, पंखा बंद करा, केबल जोडा आणि कान जवळ न्या. हातात धरून ऐकू नका. चालू डिस्क हलवणं तिला मानवत नाही.

चांगली डिस्क आधी हलकेच झूं करत वेग घेते. छोट्या पोर्टेबल डिस्क बहुतेक करून मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या असतात. वेग आला की आत एक-दोन बारीक टकटक होतात आणि मग एकसारखी मंद घरघर चालू राहते. बोटाचं टोक डबीवर हलकं टेकवलं तर कंप जाणवतो. एवढं असेल तर अर्धी काळजी मिटली, मोटर आणि डेटा वाचणारे हेड जागेवर आहेत. आता दोष शोधायचा तो केबलपासून विंडोजपर्यंतच्या वाटेत.

टक... टक... टक... असा घड्याळासारखा ठरावीक आवाज येऊन डिस्क काही वेळाने गप्प होत असेल, तर गंभीर आहे. वाचणारा हेड तबकडीवरच्या खुणा शोधतोय, त्या सापडत नाहीत, म्हणून तो परत मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतोय. हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतो. आपल्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट भरेल. त्या फटीत बिघडलेला हेड फिरत राहिला तर तबकडीवर ओरखडे उठू शकतात, आणि ओरखड्याखालचा डेटा कुणालाच परत आणता येत नाही. असा आवाज आला की केबल काढा आणि परत लावू नका. 'अजून एकदाच बघतो' हा मोह इथे फार महागात पडतो. खाली शेवटच्या भागात काय करायचं ते आहे, थेट तिकडे जा.

बारीक पीं-पीं किंवा कुईं-कुईं असा आवाज येत असेल तर मोटर फिरायचा प्रयत्न करतेय, पण जमत नाहीये. पुरेशी वीज मिळत नसेल तर असं होतं, आणि डिस्क पडल्यावर हेड तबकडीला चिकटून बसले तरीही असंच होतं. डिस्क पडलेली नसेल तर एकदा दुसरं पोर्ट आणि दुसरी केबल लावून बघायला हरकत नाही. पडलेली असेल तर तेही नको.

अगदीच शांतता असेल, दिवाही नाही आणि कंपही नाही, तर बहुधा वीजच पोचत नाहीये. एसएसडीमध्ये, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तिच्याबाबत शांततेवरून काही ठरवू नका. पाण्यात भिजलेली डिस्क, मग ती कुठलीही असो, 'सुकली आहे' म्हणून लावून बघू नका.

वीज, केबल, पोर्ट

बहुतेक वेळा माशी इथेच शिंकते, म्हणून इथे वेळ घ्या.

छोट्या, २.५ इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो. ती सगळी वीज यूएसबी पोर्टमधूनच घेते. यूएसबी २.० च्या पोर्टने प्रमाणानुसार द्यायची वीज आहे ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३.० ची ९००. तबकडी थांबलेल्या अवस्थेतून वेगात आणताना मोटरला नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज लागते. त्यामुळे दिवा लागतो, डिस्क फिरायला बघते, आणि तेवढ्यात विजेअभावी बसते. मग दिवा लागतो म्हणजे वीज मिळतेय असा आपला समज होतो, पण दिव्याला लागते ती वीज नगण्य असते.

म्हणून पहिलं काम, मध्ये असलेला हब, एक्स्टेन्शन केबल, कीबोर्डवरचं किंवा मॉनिटरवरचं पोर्ट, सगळं बाजूला करा आणि डिस्क थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला. मागची पोर्ट मदरबोर्डवरच बसवलेली असतात; पुढची आतून एका वायरने जोडलेली असतात आणि ती वायर सैल झालेली मी बरेचदा पाहिली आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून बघा. आतलं प्लास्टिक निळं असलेलं पोर्ट बहुधा यूएसबी ३.० चं असतं, ते निवडा.

मोठ्या, ३.५ इंची डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लागतो, बहुतेक १२ व्होल्टचा. इथे एक सावधगिरी. अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून पिन बसतेय तो दुसरा अ‍ॅडॉप्टर लावू नका. लॅपटॉपचे अ‍ॅडॉप्टर साधारण १९ व्होल्टचे असतात, आणि त्यातले काही या डिस्कमध्ये व्यवस्थित बसतात. लावला की क्षणात जळका वास येतो. अ‍ॅडॉप्टरवर 'आउटपुट' असं लिहिलेल्या ओळीतले व्होल्ट डिस्कच्या लेबलशी जुळलेच पाहिजेत. अँपिअर डिस्कला हवे तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत.

आता केबल. बाहेरून धडधाकट दिसणारी केबल आतून तुटलेली असू शकते, विशेषतः प्लगच्या मुळाशी, जिथे ती रोज वाकते. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना एक रुंद, चपटा, मध्ये खाच असलेला प्लग असतो. त्याला मायक्रो-बी म्हणतात. हा प्लग कालांतराने ढिला होतो. प्लग बसलेला असताना तो जराही न दाबता सोडला तर डिस्क जाते आणि बोटाने किंचित रेटला तर येते, असं होत असेल तर दोष सापडला.

तशी दुसरी केबल हाताशी नसेल तर एक युक्ती आहे. त्या रुंद खाचेच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची साधी मायक्रो-यूएसबी केबल बसते. तशी ती बसणार म्हणूनच बनवलेली आहे. वेग यूएसबी २.० चा मिळेल, पण डिस्क जिवंत आहे का एवढं कळायला पुरे. मात्र ती केबल डेटाची हवी. काही मोबाइल केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. त्याच केबलने मोबाइल जोडल्यावर त्याचे फोटो कॉम्प्युटरवर दिसतात का, हे आधी बघून घ्या. टाइप-सी केबलबाबतही हेच.

यात अजून एक छोटी पायरी. कॉम्प्युटर 'शटडाउन' करून चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे, आणि ती चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये तो खरंच नव्याने सुरू होतो, आणि अडकलेला यूएसबी ड्रायव्हर बरेचदा तेवढ्याने सुटतो.

दुसरा कॉम्प्युटर

तीच डिस्क, तीच केबल, दुसरा कॉम्प्युटर. दोन मिनिटांचं काम, पण शोध निम्मा होतो. तिकडे दिसली तर डिस्क बरी आहे, दोष तुमच्या कॉम्प्युटरचा. तिकडे दिसल्या दिसल्या डेटा उतरवून घ्या, कारण पुन्हा दिसेलच याची हमी नाही. दोन्हीकडे नाही दिसली तर डिस्क किंवा केबल. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सला लावून बघू नका. काही उपकरणं न समजलेली डिस्क थेट फॉरमॅट करायला सुचवतात आणि रिमोटचं एक बटण चुकीचं दाबलं की संपलं.

डिस्क मॅनेजमेंट: खरं काय ते इथे कळतं

फाइल एक्स्प्लोररमध्ये फक्त वाचता येणारे आणि अक्षर मिळालेले ड्राइव्ह दिसतात. डिस्क जोडलेली आहे की नाही, हे तिथे कळत नाही. त्यासाठी स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खालच्या अर्ध्या भागात 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा आडव्या पट्ट्या दिसतील. डिस्क ० ही बहुतेक करून कॉम्प्युटरच्या आतली. तुमची कुठली हे आकारावरून ओळखा. १ टेराबाइटची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते. काही हरवलेलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे, एवढंच.

ही खिडकी उघडताच 'इनिशियलाइज डिस्क' असा चौकोन पुढे आला तर 'कॅन्सल' करा. कोऱ्या डिस्कसाठी तो योग्य आहे, भरलेल्या डिस्कसाठी नाही.

आता पट्टीवर काय लिहिलंय ते वाचा. इथून पुढची वाट त्यावर ठरते.

पट्टी आहे, 'हेल्दी' आणि 'एनटीएफएस' किंवा 'एक्सफॅट' असं फाइल सिस्टिमचं नाव लिहिलंय, पण अक्षर नाही: सगळ्यात सुखाचा प्रकार. पट्टीवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'अ‍ॅड', आणि वर्णमालेतलं बरंच पुढचं एखादं अक्षर द्या. ऑफिसच्या नेटवर्कवरचा एखादा फोल्डर तेच अक्षर धरून बसलेला असेल तर असं होतं. अक्षर देताच डिस्क उघडेल. अक्षर दिल्याने फाइलींना धक्का लागत नाही.

'ऑफलाइन' लिहिलंय: डावीकडच्या 'डिस्क १' या करड्या चौकोनावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' निवडा. एका डिस्कची हुबेहूब नकल करून दोन्ही एकाच वेळी जोडल्या तर दोघींची ओळख सारखी पडते आणि विंडोज एकीला बाजूला ठेवतं. तेव्हा दोन्ही जोडलेल्या असतील तर आधी एक काढा.

पट्टी 'हेल्दी' आहे पण फाइल सिस्टिमचं नावच नाही: आठवून बघा, ही डिस्क शेवटची मॅकवर किंवा लिनक्सवर वापरली होती का? मॅकच्या एचएफएस प्लस आणि एपीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४ या पद्धती विंडोजला मुळात वाचता येत नाहीत. ती डिस्क बिघडलेली नाही, परक्या भाषेतली आहे. जिथली तिथे लावा.

'रॉ' लिहिलंय: फाइल सिस्टिमची सुरुवातीची नोंद खराब झाली आहे, त्यामुळे आत काय आहे ते विंडोजला कळत नाही. फाइली मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. याच प्रकारात एक्स्प्लोरर चौकोन दाखवतो की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. माझ्या मावसबहिणीने याला 'हो' म्हटलं होतं. चौकोनाची भाषाच अशी असते की दुसरा मार्ग नाही असं वाटावं. डिस्क लगेच सुरू झाली, तिला बरं वाटलं, आणि मग कळलं की सुरू झाली आहे ती रिकामी. सुदैवाने तो 'क्विक फॉरमॅट' होता, त्यात नोंदवही नवी होते पण पानांवरचा मजकूर तसाच राहतो. शिवाय तिने त्यानंतर त्यात काहीही टाकलं नव्हतं. फोटो बरेचसे मिळाले, पण फोल्डर गेले, नावं गेली. एफ००१, एफ००२ अशा हजारो फाइली. मुलीचा पहिला वाढदिवस कुठला आणि दुसरा कुठला, हे केकवरच्या मेणबत्त्या मोजून लावत ती दोन संध्याकाळी बसली होती. तोच 'फुल फॉरमॅट' असता तर हातात काहीच आलं नसतं, कारण विंडोज व्हिस्टापासून तो पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितो.

'अनअलोकेटेड' आणि काळी पट्टी: पार्टिशनची नोंद पुसली गेली आहे किंवा वाचता येत नाहीये. जुनी, भरलेली डिस्क अशी दिसली तर 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' करू नका. यासाठी 'टेस्टडिस्क' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते हरवलेली पार्टिशन शोधून आतल्या फाइली दाखवू शकतं आणि त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवूही देतं. तेवढंच वापरा. पार्टिशनची नोंद परत लिहिण्याचा पर्याय नंतरसाठी ठेवा.

'नॉट इनिशियलाइज्ड', 'नो मीडिया' किंवा आकार शून्य: डबीतलं सर्किट कॉम्प्युटरशी बोलतंय, पण त्याच्यामागची डिस्क उत्तर देत नाही, अशी शक्यता मोठी. केबल बदलून एकदा बघा. तरी तसंच असेल तर घरच्या घरी पुढे जाण्यासारखं फार उरत नाही.

कुलपाचं चिन्ह असेल तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डेटा सांकेतिक करणाऱ्या सोयीने, बंद केलेली आहे. पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये, छापलेल्या कागदावर किंवा जुन्या फाइलमध्ये शोधा. दोन्ही नसतील तर कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही, आणि 'उघडून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पट्टीच नाही

डिस्क मॅनेजमेंटमध्येही काही आलं नाही, तर स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'डिस्क ड्राइव्ह्ज' आणि 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' या दोन यादी उघड्या ठेवून केबल काढा आणि लावा. यादी थरथरून नव्याने उमटते का बघा. उमटली तर काहीतरी पोचतंय. काहीच हललं नाही, तर परत केबल आणि विजेकडे जा.

पिवळ्या उद्गारचिन्हाची ओळ दिसली तर तिच्यावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, केबल काढा, रीस्टार्ट करा, परत लावा. विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवेल. यात डिस्कवरच्या डेटाला हात लागत नाही, नाव ऐकून घाबरू नका. डिस्क दिसते आणि थोड्या वेळाने आपोआप गायब होते असं असेल, तर 'यूएसबी रूट हब'च्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'पॉवर मॅनेजमेंट'खाली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची जी खूण आहे, ती काढा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर आधी फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्टर्नल डिस्क्स'समोर खूण आहे ना ते बघा. डिस्क आलेली असते, फक्त दाखवायचं बंद असतं. मग 'डिस्क युटिलिटी' उघडून 'व्ह्यू'मधून 'शो ऑल डिव्हाइसेस' करा. नाव पुसट दिसत असेल तर निवडून 'माउंट' दाबा. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपच्या लॅपटॉपवर, मॅकओएस व्हेंच्युरापासून, नवीन उपकरण जोडल्यावर परवानगी विचारली जाते. ती चुकून नाकारली असेल तर डिस्क येणार नाही. काढून परत लावा आणि परवानगी द्या.

मॅकवर अजून एक प्रकार हमखास घडतो. एक्सफॅटची डिस्क 'इजेक्ट' न करता ओढली, की पुढच्या वेळी मॅक ती मागच्या मागे तपासत बसतो आणि तपासणी संपेपर्यंत दाखवतच नाही. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागतो. दिवा लुकलुकतोय आणि डिस्क दिसत नाहीये, तर काही न करता चालू राहू द्या. एनटीएफएसची डिस्क मॅकवर वाचता येते, पण तिच्यावर लिहिता येत नाही. म्हणून 'कॉपी होत नाही' हा बिघाड समजू नका.

लिनक्स असेल तर 'डिस्क्स' हे अ‍ॅप डिस्क मॅनेजमेंटचंच काम करतं. आणि विंडोजवर हट्टाने न उघडणारी डिस्क पेनड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्समध्ये अनेकदा उघडते, कारण त्याला एनटीएफएस, एक्सफॅट, एचएफएस प्लस, ईएक्सटी४ अशा बऱ्याच भाषा येतात. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. शक्य तिथे फक्त वाचण्यापुरती, म्हणजे 'रीड-ओन्ली' जोडा.

डिस्क उघडली, आता आधी काय?

आधी डेटा. आनंदाच्या भरात जुने फोटो बघत बसू नका. जे परत मिळणारच नाही ते पहिल्यांदा: स्वतः काढलेले फोटो, स्वतः लिहिलेलं, हिशेब, कागदपत्रांच्या प्रती. सिनेमे आणि सॉफ्टवेअर शेवटी. एका वेळी सगळा ड्राइव्ह निवडून ओढण्यापेक्षा एकेक फोल्डर घ्या, म्हणजे एखाद्या खराब फाइलवर अडकलं तर बाकीचं थांबत नाही. सेकंदाला १०० एमबी या वेगाने १ टेराबाइटला पावणेतीन तास लागतात, यूएसबी २.० च्या ३५ एमबीच्या वेगाने आठ तास. तेवढा वेळ लॅपटॉप झोपणार नाही याची सोय करून ठेवा.

वेग मध्येच शून्यावर येतोय, डिस्क टकटकतेय, फोल्डर उघडायला मिनिटं लागताहेत, असं दिसलं तर कॉपी थांबवून प्रकृती बघा. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाका, डिस्कवर नाही. डिस्क स्वतःच स्वतःची नोंद ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. त्यातल्या तीन ओळी बघा: 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स काउंट', 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' आणि 'अनकरेक्टेबल सेक्टर काउंट'. शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं असतील तर छान. आकडे असतील तर तबकडीवरच्या जागा मरायला लागल्या आहेत. मग फाइली चाळण्याऐवजी 'डीडीरेस्क्यू'सारख्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसरीकडे घ्यावी. ते आधी सहज वाचता येतं तेवढं उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. लिनक्सची सवय नसेल तर हे काम माहितगाराकडून करून घ्या.

डेटा सुखरूप उतरला, उघडून पाहिला, की मग दुरुस्तीला मोकळे. ड्राइव्हवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'. ही तपासणी मी शेवटी ठेवतो, कारण ती नोंदी जुळवताना अर्धवट फाइली तोडून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते आणि मरणाऱ्या डिस्कवर तासन्‌तास ताण देते. त्यानेही भागलं नाही तर फॉरमॅट करा. फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस, मॅक आणि विंडोज दोन्हींवर तर एक्सफॅट. एफएटी३२ नको; ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही. डिस्क नवी असून इनिशियलाइज करताना एमबीआर की जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या या दोन पद्धती) असं विचारलं तर जीपीटी निवडा, एमबीआरमध्ये नेहमीच्या डिस्कची २ टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नाही. स्मार्टमध्ये खराब आकडे आलेली डिस्क मात्र फॉरमॅट करूनही महत्त्वाच्या कामाला परत घेऊ नका.

हात आवरायची वेळ

टकटक करणारी, पडलेली, भिजलेली, किंवा सर्व करूनही शून्य आकार दाखवणारी डिस्क, आणि आतला डेटा हवाच आहे. इथे घरगुती उपाय करू नका. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या डिस्कच्या आत बाहेर काढताच दव धरतं. हलकेच आपटून चिकटलेले हेड सुटतील या आशेवर ते तुटतात. झाकण उघडलं की धूळ थेट तबकडीवर. तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड बसवून बघावं, हा सल्लाही जुना झाला. आजच्या बोर्डवरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कपुरती मापं साठवलेली असतात, ती चिप उचलून नव्या बोर्डवर लावल्याशिवाय डिस्क चालत नाही.

डबी फोडून आतली डिस्क दुसऱ्या डबीत घालणं हा उपाय मोठ्या डिस्कमध्ये कधीकधी लागू पडतो. पण बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची खाच थेट डिस्कच्याच बोर्डवर असते, जोडायला दुसरं काही नसतंच. आणि काही डबीतलं सर्किट डेटा सांकेतिक करून लिहितं. ते सर्किट बाजूला केलं की चांगली डिस्कही 'रॉ' दिसते.

म्हणून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे डिस्क नेताना मूळ डबी, बोर्ड, केबल, अ‍ॅडॉप्टर सगळं बरोबर द्या. आधी विचारा: डिस्क धूळमुक्त खोलीत उघडता का, तपासणीचे पैसे वेगळे घेता का, डेटा मिळाला नाही तर काय आकारता, आणि फाइलींची यादी आधी दाखवता का. काय झालं ते खरं सांगा. पडली असेल तर किती उंचीवरून, त्यानंतर किती वेळा लावून बघितली, कुठलं सॉफ्टवेअर चालवलं. आणि लेबलावर 'टकटक येते, चालू करू नये' असं ठळक लिहून द्या, म्हणजे तिथला पहिला माणूससुद्धा ती सवयीने लावून बघणार नाही.